खांद्यावरचा हात

सरांनी माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. मग बोटं खाली सरकवली. पाठीवरून, तिरकी. हळू.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावातलं त्यांचं नवं घर. दोन हजार पाच सालचा जानेवारी. बाहेर गुडघाभर बर्फ, गॅरेजमध्ये बुटांचा ढीग, आत सत्यनारायण. जॅकेट बाहेरच काढून ठेवलेलं, म्हणून अंगात नुसता पातळ टी-शर्ट. पातळ कापडाखाली बोटांना हवं ते लगेच कळतं. असलं तरी कळतं, नसलं तरी.

माझ्या हातात शिऱ्याचं पातेलं होतं. सरांच्या बायकोनं, आम्ही तिला वहिनी म्हणायचो, नुकतंच दिलेलं. "जरा एवढं देवापाशी ठेवता का?" मी निघालो होतो. चार पावलं राहिली होती.

बोटं कमरेपर्यंत आली आणि थांबली.

"राहू दे, राहू दे," सर हसत म्हणाले. "तू पाहुणा आहेस यार. ही नेईल."

पातेलं माझ्या हातातून गेलं. वहिनींनी ते देवापाशी नेलं नाही. सिंकच्या कडेला ठेवलं. दुसरं भरून घेतलं.

सरांची सात वर्षांची मुलगी बघत होती. "बट बाबा, काका वॉज ऑलमोस्ट देअर!"

"गो अँड प्ले, बेटा."

कुणी शिवी दिली नाही. कुणी बाहेर काढलं नाही. उलट आग्रह करकरून जेवायला घातलं. मी जेवलो. हसलो. "शिरा छान झालाय वहिनी" असंपण म्हणालो. ते 'छान' मला आजही घशात टोचतं. त्या दिवसाची लाज मला सरांची नाही वाटत. त्या 'छान'ची वाटते.

मी आमच्या खानदानातला पहिला ग्रॅज्युएट. बाप नागपूरच्या मालधक्क्यावर हमाल. माझी डिग्री हातात आली त्या दिवशी बापानं ती परस्पर लॅमिनेट करून आणली आणि भिंतीवर, निळ्या कोटातल्या फोटोखाली लावली. पुढं व्हिसाच्या वेळी कळलं, लॅमिनेट केलेला कागद कुठंच चालत नाही. सही-शिक्का बसत नाही त्याच्यावर. दुसरी प्रत काढायला युनिव्हर्सिटीत आठ चकरा मारल्या. बापाला सांगितलं नाही. तो अजून त्या प्लॅस्टिकवरची धूळ गमछानं पुसतो. मला त्याचा अभिमान आहे. लपवायचं काय त्यात?

पण लपवत होतो. तीन वर्षं सरांच्या कंपनीत होतो. नाव सांगायचो, आडनाव गिळायचो.

सरांची कंपनी तशी गाड्यांच्या कारखान्यांची सॉफ्टवेअरं करायची. त्या वर्षी एका बेसबॉल संघाचं काम मिळालं. मोठ्या लीगचा संघ. असल्या संघाच्या खाली, लहान लहान गावांत, आणखी सहा-सात संघ असतात. पोरं तिथं पायरी पायरीनं वर चढतात. शंभरातली चार-दोन वर पोचतात. या सगळ्या पसाऱ्याला ते लोक 'फार्म' म्हणतात. शेत. पेरायचं, वाढवायचं, खुडून टाकायचं. त्या शेताचा एक डायरेक्टर असतो. त्याला प्रत्येक खेळाडूसाठी एकच आकडा हवा होता. कोण ठेवायचा, कोण काढायचा, ते सांगणारा.

तो आकडा काढणारा प्रोग्राम मी लिहिला.

जानेवारीपर्यंत मी मीटिंगांना जायचो. डायरेक्टरशी बोलायचो. त्या सत्यनारायणानंतर सर म्हणाले, "क्लायंटसमोर मी बघतो. तू मागचं सांभाळ." मागचं. मी मागं बसलो.

मागं बसून खेळाडूंचे कागद वाचले. गावोगाव फिरून पोरं हेरणारी माणसं असतात, त्यांचे शेरे. हाताचा जोर, पायाचा वेग, नजर. आणि मग खाली: 'चांगल्या घरचा.' 'बापही खेळलेला, रक्तातच आहे.' 'वस्ती बरी नाही.' 'आई एकटी.' पानोपानी.

सरांना हे फार आवडलं. "बघ, ह्याचा एक कॉलम कर. बॅकग्राउंड. बाप खेळाडू, पूर्ण मार्क. बाप ऑफिसात, थोडे कमी. मजूर असेल तर झिरो. रकाना रिकामा असेल तरी झिरो."

मी केला. एका दुपारीत केला. मनात म्हटलं, हे अमेरिकेचं आहे, आपल्याला काय. कॉलम मस्त चालला. डायरेक्टर खूश झाला, असं सरांनी सांगितलं.

मार्चमध्ये संघाचं शिबिर फ्लोरिडात भरतं. सर निघाले. मलाही नेलं. "प्रिंटआउट काढायला कुणीतरी लागेल ना," सर वहिनींना फोनवर सांगत होते, ते मी ऐकलं.

तिथं मला रामोन भेटला. डोमिनिकन रिपब्लिकचा. बावीस वर्षांचा. कॅचर. म्हणजे गुडघे मोडून फलंदाजाच्या मागं बसायचं आणि समोरून येणारा प्रत्येक चेंडू अंगावर घ्यायचा. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याच्या कानाला अवघड. तरी जमलं. माझा लॅपटॉप जिथं लावला होता त्याच्या शेजारीच तो गुडघ्याला बर्फ बांधून बसायचा.

"तुझा बाप काय करतो?" मी एकदा विचारलं.

"ऊस तोडतो. तुझा?"

तीन वर्षांत अमेरिकेत मला हा प्रश्न ज्यांनी ज्यांनी विचारला, त्या सगळ्यांना मी 'रेल्वेत आहे' म्हणून सांगितलं होतं.

"ओझी उचलतो," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. बस. पुढं काही विचारलं नाही.

त्यानंच मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, या पोरांत दोन जाती असतात. एक 'प्रॉस्पेक्ट', ज्यांना वर न्यायचंय. दुसरे 'फिलर', भरतीचे. प्रॉस्पेक्टनं चेंडू फेकायचा तर तो झेलायला कुणी हवा. म्हणून भरतीचे ठेवतात. वरातीला घोडा लागतो, लग्न घोड्याचं नसतं. आणि कोण कुठल्या जातीचा, ते कुणी तोंडावर सांगत नाही.

दुसरी गोष्ट, हात.

सकाळी पोरं लॉकर रूममध्ये बूट चढवत असतात. दाराशी एक म्हातारा उभा राहतो. सगळे त्याला पॉप्स म्हणतात. एरवी तो टॉवेल वाटतो, विनोद सांगतो. शिबिराच्या शेवटच्या दिवसांत त्याच्या खिशात यादी असते. तो सावकाश चालत येतो आणि कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवतो. "डायरेक्टरला भेटून ये." एवढंच. खोलीतला रेडिओ चालू असतो, पण माणसांचा आवाज बंद पडतो. सगळे आपापल्या बुटांकडं बघतात. दहा मिनिटांनी त्या पोराच्या लॉकरवरची नावाची पट्टी, साधी पांढरी चिकटपट्टी, पॉप्स ओढून काढतो. चर्र. तो आवाज मी सहा वेळा ऐकला. पहिल्याच सकाळी.

म्हणून पोरं भिंतीला पाठ लावून बसायची. मागून हात येऊ नये म्हणून. फक्त रामोन पाठ मोकळी सोडून बसायचा.

"भीती नाही वाटत?"

"मी कॅचर. माझ्या मागं कायम अंपायर. तो माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहतो. सवय आहे." मग हसला. "तो हात काही शोधत नाही."

हे तो सहज बोलला. त्याला माझं काय ठाऊक? पण माझी पाठ थंड पडली. डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत. तिरकी.

पॉप्सच्या खिशातली यादी माझ्या प्रिंटरमधून निघत होती.

दुसरी यादी दुसऱ्या दिवशी जायची होती. मी ती सकाळीच काढून सरांना दिली होती. दुपारी बसून ती पहिल्यांदा नीट वाचली. यादीत एक रेघ, तिच्याखालचे काढायचे. रेघेखाली रामोन. त्याच्या बरोब्बर वर एक दुसरा कॅचर. हाताचा जोर रामोनचा जास्त. झेल रामोनचे जास्त. सगळ्या रकान्यांत रामोन पुढं. एकाच रकान्यात शून्य.

माझ्या बापाचा धंदा तिथं लिहिला असता तर? शून्य. आणि ते शून्य टाकणारी ओळ कुणी लिहिली होती? मी. हमालाच्या पोरानं. ज्या हातातून पातेलं काढून घेतलं, त्याच हातांनी.

मी कॉलम काढून टाकला. यादी पुन्हा काढली. रामोन रेघेच्या वर गेला. सर आले.

"हे काय? यादी बदलली कशी?"

"कॉलम काढला, सर. बॅकग्राउंडचा."

"कुणाला विचारून?"

"घालताना तरी तुम्ही कुणाला विचारलं होतं?"

सर खुर्ची ओढून बसले. आवाज मऊ केला. मऊ आवाजाची मला जास्त भीती वाटते. "अरे, हा डेटा आहे. पर्सनली घेऊ नकोस. ह्यांच्यात जातबीत नसते."

"मग बापाचा धंदा कशाला लागतो?"

"हे बघ." ते उठले. माझ्या मागं आले. डाव्या खांद्यावर हात ठेवला. "तू हुशार आहेस. तुमच्यातले सगळेच काही असे नसतात. पण तुझ्या ग्रीन कार्डचे पेपर अजून माझ्या टेबलावर आहेत. कळतंय ना?"

कळत होतं. सही नाही तर व्हिसा नाही. व्हिसा नाही तर नागपूर. बापाची भिंत, प्लॅस्टिकमधली डिग्री. सगळं एका क्षणात दिसलं.

"हात काढा, सर."

"काय?"

"हात काढा. तिथं जानवं नाहीये. जानेवारीतच शोधून झालंय तुमचं."

हात निघाला. चटका बसल्यासारखा. मी वळलो. सरांचा चेहरा मी पहिल्यांदा समोरून बघितला. इतका वेळ मला वाटायचं, हा माणूस मोठा आहे. तो मोठा नव्हता. तो फक्त माझ्या मागं उभा होता.

सकाळची यादी त्यांच्या बॅगेत होतीच. ती घेऊन गेले.

मी एका कागदावर सगळं लिहिलं. कॉलम काय, कसा बनवला, कुणाकुणाला शून्य गेलं. खाली पूर्ण नाव. आडनावासकट. आणि डायरेक्टरच्या ऑफिसात गेलो. त्यानं वाचलं. शांतपणे वाचलं. मग घडी घालून मला परत दिला.

"पोरा," तो म्हणाला, "तू मला नवीन काही सांगत नाहीयेस. घर आम्ही आधीपासून बघतो. माझ्या आधीचेही बघायचे. तुम्ही त्याला आकडा दिलात, बस."

मी समजत होतो, आम्ही आमचा रोग इथं आणला. इथं तो आधीच होता. आम्ही त्याला यंत्र पुरवलं.

दुसऱ्या सकाळी पॉप्स चालत आला. रामोन बूट बांधत होता. पाठ मोकळी. हात पडला. त्यानं वळून बघितलं नाही. गाठ पूर्ण केली, मग उठला.

चर्र.

बॅग भरून तो माझ्याकडं आला. एकच प्रश्न विचारला. "माझा हात कमी पडला का?"

खोटं बोलता आलं असतं. छान खेळलास, नशीब नव्हतं. 'छान' म्हणायची मला सवय होती.

"नाही," मी म्हणालो. "तुझा हात चांगला आहे. तुझा बाप मोजला. आणि तो मोजणारं यंत्र मी लिहिलं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी हात पुढं केला होता. त्यानं तो घेतला नाही. बॅग खांद्यावर टाकून निघून गेला. बरोबर केलं त्यानं. मी त्याच्या जागी असतो तर मीही घेतला नसता.

सरांनी मला लगेच काढलं नाही. ते तसं करत नाहीत. आधी खोली गप्प होते, मग माणूस चालत येतो. नोव्हायला परतल्यावर ऑफिसातल्या लोकांनी माझ्या टेबलाकडं बघणं सोडलं. सगळे आपापल्या स्क्रीनकडं बघायचे. मी ओळखलं. ही शांतता मी ऐकलेली होती.

पहिल्याच दिवशी मी टेबल फिरवून घेतलं. दाराकडं तोंड, मागं भिंत. क्यूबिकलवर माझं नुसतं पहिलं नाव होतं. ती पट्टी मीच ओढून काढली. दुसरी लावली. पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव. मोठ्या अक्षरात.

मग आई-बापाचा धंदा विचारणारा कुठला रकाना आमच्या कामात आणखी कुठं आहे, ते शोधायला लागलो. सापडले. तीन ठिकाणी सापडले. तिन्हींची पानं मी छापून ठेवली आहेत. एक कॉलम मी लिहिला, तो माझ्या माथी आहे. तो पुसला जाणार नाही, आणि मला तो पुसायचाही नाही. पण यापुढं तसली एक ओळ माझ्या हातून जाणार नाही, आणि दुसऱ्याच्या हातून गेलेली मी झाकणार नाही.

दरवाजा समोर आहे. ज्याला यायचं त्यानं समोरून यावं.