दोन्ही बोल्ट बराबर

आज बदनापूरच्या कॉलेजात फळ्यावर स्प्रिंग काढली आणि लिहिलं, दाबताना स्प्रिंगनं केलेलं काम उणे. पुढच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "मंग आपण केलेलं काम जातं कुठं, मॅडम?" नाकात ग्रीसचा वास आला.

अंकुशनगरला माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, गॅरेज होतं. माझ्या बारावीनंतर एका सकाळी तो मला म्हणाला, "बारावी झाली, बस. पुढं शिकायचं न्हाई." त्याच दुपारी जीपची स्प्रिंग शिकंज्यात, दोन बाजूंचे बोल्ट पिळून आवळायच्या चापात, दाबायला त्यानं मलाच बसवलं. "दोन्ही बोल्ट बराबर पिळ," म्हणाला आणि समोर वाकून स्प्रिंगच्या माथ्यावरचा नट काढू लागला.

मी एकच बोल्ट पिळत राहिले. दातओठ खात पान्यावर सगळं वजन टाकलं, तळहात सोलले. प्रत्येक आट्याला मनातल्या मनात त्याला मारत होते. स्प्रिंग एका अंगाला वाकली, करकरली. मी थांबले नाही.

शिकंजा सटकला. अर्धा तास मी जे तिच्यात कोंबलं होतं, ते तिनं एका झटक्यात दादाच्या जबड्यावर परत केलं. ग्रीसमध्ये त्याचे तीन दात पडले होते.

आवाज ऐकून वडील घरातून धावत निघाले. दादानं शिकंजा उचलला, एक बोल्ट पुरा पिळलेला, दुसरा तसाच. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग तोंडातून रक्त गळत असतानाच पाना घेतला आणि वडील दारात यायच्या आत दुसरा बोल्टही बराबर पिळून ठेवला.