नांगरामागची इंग्रजी

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे चंद्रभानजी, मूळचे पवनारचे शेतकरी. वर्ध्याच्या कापूस बाजारात कारकून झाले, नालवाडीत घर बांधलं आणि घरात वऱ्हाडी बंद केली. कोणाच्या तोंडून 'मले-तुले' निघालं की डोळे वटारायचे. इंग्रजी म्हणजे यांच्या लेखी देवानं साहेबासाठी खास घडवलेली राजभाषा, आणि आपली गोठ्यातली. गंमत म्हणजे राग आला की हे स्वतः अस्सल वऱ्हाडीतच तोंड सोडायचे!

सासूबाईंना, शकुबाईंना, दुसरं बोलणं येतच नाही. मग या माणसानं काय करावं? पाहुणे आले की सांगायचं, "हिला कमी ऐकू येतं." झालं! पाहुणे हातवारे करायचे, त्या चहा ठेवून मुकाट आत जायच्या. अहो, धडधाकट बाईला बहिरी केली! मला कळलं तेव्हा अंगाची लाही लाही झाली, पण सुनेचं ऐकतो कोण?

माझी लेक आकांक्षा कॉलेजात इंग्रजी शिकवते. परवा तिला बघायला पाहुणे येणार होते. तिनं सकाळीच बजावलं, "आजी बैठकीत बसेल आणि बोलेल. नाहीतर मीही बाहेर येणार नाही."

मामाजी भडकले. "सोयरीक मोडाची आहे का तुले? पोट्टी इंग्रजीची प्रोफेसर, अन् आजी अशी बोलते म्हणतीन लोकं!"

"आबाजी, इंग्रजी तरी कोणाची होती?" ती म्हणाली, आणि सुरूच झाली. समुद्रापलीकडून आलेल्या टोळ्यांची ही बोली. अक्षरं रोमन लोकांची, आणि त्यांनीही ती दुसऱ्यांकडून घेतलेली. पहिलं अक्षर 'ए' तर मुळात शिंगांसकट बैलाचं डोकं! पुढे फ्रान्सकडचे लोक इंग्लंडचे राजे झाले. दरबारात फ्रेंच, कोर्टात फ्रेंच. इंग्रजी बोलायची ती नांगरामागची माणसं.

मामाजी आ वासून बघत राहिले. "म्हंजे तिथल्या साहेबालेच इंग्रजीची लाज वाटे?"

"कित्येक पिढ्या वाटत होती."

ते मटकन खाली बसले. "बैलाचं डोकं! अरे बाप्पा! अन् मी जलमभर कोनाच्या पाया पडून राह्यलो?" जेवणही धड गेलं नाही त्यांना.

दुपारी पाहुणे आले. सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या, तशा मुलाच्या आई, प्रमिलाबाई, त्यांच्याकडे बघून जोरात ओरडल्या, "नमस्कार हो आजी!" बहिरेपणाची बातमी त्यांच्यापर्यंतही पोचली होती.

मामाजी ताडकन उठले. "ओरडू नका जी. तिले चांगलं ऐकू येते. मीच साऱ्यायले खोटं सांगत आलो."

प्रमिलाबाई एकदा मामाजींकडे बघतात, एकदा सासूबाईंकडे. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढा ताठ माणूस, परक्यांसमोर असं बोलला!

"शकू, बस इथं," मामाजींनी खुर्ची ओढली. "बोल आता. मनात येईन ते बोल."

सासूबाई बसल्या नाहीत. पदर सावरून त्यांनी नवऱ्याकडे सरळ पाहिलं.

"काय बोलू जी? बहिरी समजून लोकं माह्यासमोरच माह्याबद्दल बोलत. अन् तुमीबी त्यायच्यासंगं हासत. सारं आयकलं मी. ते सांगू?"