दुसऱ्या डब्यातला चिकू

दोन्ही डबे उघडले आणि दोन्हींतली केळी पिवळी निघाली. दुसऱ्या डब्यातली हिरवीच राहायला हवी होती.

"झालं का व तुह्यं सायन्स?" रेखाताई म्हणाली. असोदा गावच्या अंगणवाडीत जमलेल्या बाकीच्या आयाही हसल्या.

मी जळगावच्या एका रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवायच्या थंड खोलीत, इंटर्नशिप करते. फूड टेक्नॉलॉजीचं शेवटचं वर्ष आहे. आमची केळी या अंगणवाडीत मुलांना खाऊ म्हणून जायची. मग मोबाइलवर एक व्हिडिओ फिरला: पूड टाकून, गॅसने पिकवलेली केळी म्हणजे विष. आयांनी केळी परत पाठवली. चेंबरचे साहेब मला म्हणाले, "तू शेतकऱ्याची मुलगी. तुझं ऐकतील. पंधरा दिवसांत पटलं नाही, तर तिथली केळ्यांची गाडी बंद."

पहिल्या भेटीत मी लॅपटॉपवर पीपीटी दाखवली. इथिलीन, इथिलीन करत राहिले. रेखाताई मध्येच उठली. "माह्या लेकराच्या पोटात काय जाईन, तेवढं सांग," म्हणाली. नेमकं तेवढंच मला सोपं करून सांगता येईना.

म्हणून हा प्रयोग. एका डब्यात कच्ची केळी आणि सोबत एक पिकलेलं. दुसऱ्यात फक्त कच्ची. पिकणारं फळ स्वतःच एक वायू सोडतं, त्याने शेजारची फळंही पिकू लागतात. तोच इथिलीन. चेंबरमध्ये आम्ही तोच मोजून सोडतो. डबे अंगणवाडीच्या मदतनीस निर्मलाअक्कांच्या घरी ठेवले होते. ते शनिवारी सगळ्यांसमोर उघडायचे होते; तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शिंदखेड्याहून वडिलांचा, आबांचा, फोन आला, "बठ्ठं ठीक शे ना?" मी म्हणाले, सगळं ठीक आहे.

आता सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी दुसऱ्या डब्यातली केळी ताटात काढू लागले. तळाशी एक मऊ चिकू होता.

"हा कोणी ठेवला?"

"मीच," निर्मलाअक्का म्हणाल्या. "तू त्या डब्यात पिकेल फळ टाकाले इसरली व्हती. घरी केळ नव्हतं, मंग चिकू टाकला. नही तं पिकतीन कसे?"

रेखाताईच ओरडली, "अव अक्का, पोरीले नापास करत व्हती तू!"

मी घाईघाईने बोलून घेतलं. "अक्कांनी केलं तेच आम्ही करतो. व्हिडिओतली पूड म्हणजे कार्बाइड. ती घातक आहे, तिला बंदी आहे. आम्ही ती वापरत नाही."

"चिकूचं पटलं," रेखाताई म्हणाली. "पुडीचं डोयानं पाहीन, तवा खरं."

सोमवारी ती आणि अक्का चेंबरवर आल्या. थंडीने दोघींनी पदर कानांवर ओढले. रेखाताईने क्रेट हलवून खाली पाहिलं, कोपरे हुंगले.

"काय शोधताय, ताई?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही लपाडेल पुडी."

काही सापडलं नाही. तिने एक केळं सोलून तिथेच उभ्याने खाल्लं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग तिने दुसरं उचललं आणि लेकरासाठी पिशवीत टाकलं.

गाडी पुन्हा सुरू झाली. लॅपटॉप मी आता गावात नेत नाही, डबे नेते. आणि डब्यांना कुलूप लावते. माणसं मायाळू असली की प्रयोग हमखास बिघडतो.