डिश जोडली आणि सुनंदाचा फोन आला

मी नेटवर्कच्या कामातला माणूस. सिग्नल का येतो, का जातो, हे शोधायचाच मला पगार मिळतो. त्यामुळे भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी सरळ उठून जायचो... तरी आज लिहितोय.

घर धुळ्यात, देवपूरला. दोन वर्षांपूर्वी माझी बायको सुनंदा हार्ट अटॅकने गेली. त्या दुपारी मी डोंगरात टॉवरच्या कामावर होतो, रेंज नव्हती. खाली आल्यावर मेसेज दिसला — तिचे तीन मिस्ड कॉल. काय सांगायचं होतं, ते राहूनच गेलं. तिचा नंबर नंतर मीच बंद केला.

गेल्या उन्हाळ्यात यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर गेलो होतो. तिथल्या आरोग्य उपकेंद्रावर सॅटेलाइट इंटरनेटची डिश चाचणीसाठी बसवायची होती. मोबाइलची रेंज तिथे अजिबात नाही. हे उपग्रह पृथ्वीच्या जवळून फिरतात — एक काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो, तोवर दुसरा कनेक्शन सांभाळतो. भर दुपारी गच्चीवर डिश जोडली, माझा फोन तिच्या वायफायला लावला, म्हणजे रेंज नसली तरी कॉल लागतात. तिथल्या नर्सताई केबल धरून उभ्या होत्या.

फोन वाजला. स्क्रीनवर ‘सुनंदा’.

हात ग्रीसने माखलेले, म्हणून स्पीकरवर घेतला.

“जेवनात का?”

तिचाच आवाज. घरी ती माझ्याशी अहिराणीतच बोलायची.

“नाही अजून,” मी म्हणालो.

“ऊन भलतं शे. खाले उतरा, जेवी ल्या.”

आणि कट.

ती गेल्यापासून मनात किती काय साठलं होतं... आणि मी बोललो काय, तर ‘नाही अजून’.

नर्सताईंनी विचारलं, घरून होता का फोन? मी ‘हो’ म्हणालो. परत लावला, तर हा क्रमांक अस्तित्वात नाही. कॉल मात्र फोनमध्ये अजून दिसतो — एकोणीस सेकंद. ऑफिसातला मित्र म्हणतो, नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला असेल. पण मग क्रमांक अस्तित्वात नाही कसा? आणि तो आवाज?

चाचणी संपल्यावर डिश काढायचं कामही मी मागून घेतलं. सगळं चालू ठेवून तासभर गच्चीवर बसलो. नर्सताईंनी घाई केली नाही, चहा ठेवून खाली गेल्या. फोन वाजला नाही. मग एकेक नट सोडवला.

कारण मला आजही सापडलेलं नाही. आता कामाच्या नव्या जागांची यादी आली की मी आधी बघतो, रेंज कुठे नाही... आणि तिथे माझं नाव लिहितो.