आबांनी चाळीस गोण्या ओळखल्या!

मंडळी, जेवण बाजूला ठेवून ही ई-मेल लिहितोय!

माझे वडील, आबा, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधले रिटायर माथाडी. हल्ली नातवाचं नावसुद्धा विसरतात. डॉक्टरांना विचारून दोन महिने ब्राह्मीच्या गोळ्या चालू आहेत. "फरक पडेलही, गॅरंटी नाही," असं ते म्हणाले होते.

आज सहज आबांना त्याच मार्केटमध्ये मी काम करतो त्या गाळ्यावर नेलं. तिथे बोंब! दोन गावांच्या दोन शेतकऱ्यांच्या कांद्याच्या गोण्या एकत्र झालेल्या आणि वरची नावं पुसलेली.

आबा पुढे झाले. गोणीच्या तोंडाशी सुतळीवरून बोट फिरवलं.

"ही तिरकी शिलाई ओतूरची. ही गाठीची लोणंदची. घ्या बाजूला!"

एकेक करत चाळीस गोण्या! दोन्ही शेतकऱ्यांनी उघडून आपापला कांदा पाहिला. एकही चूक नाही! अख्खा गाळा टाळ्या वाजवत होता.

मी ऐटीत म्हणालो, "आबा, ब्राह्मी लागू पडली!"

"आसंल बाबा," ते हसले. "गोळी द्यायची आठवन तुला रोज ऱ्हाती. मला हितं आनायची आजच कशी झाली?"

उद्यापासून दोन्ही रोज! मंडळी, तुमच्या घरच्या म्हाताऱ्यांना गोळीसोबत काम काय देता?