बोट कुणाला लागली होती

मोठ्या बोटीवर फिरायला जायचं ठरलं की आमच्या गावातली माणसं आधी माझ्या ओट्यावर येतात. मी त्यांना सगळं सांगतो. एक गोष्ट तेवढी सांगत नाही. ती मी थोरल्या भावालाही सांगितली नाही, आणि आता तो राहिला नाही. तुम्हाला सांगतोय. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही — म्हणूनच जमत असेल.

पण आधी बोटीचं सांगतो. ते सोपं आहे.

बोट म्हणजे आपली घाटावरची नाव समजू नका. शहाद्याची बाजारपेठ माळ्यावर माळा रचून पाण्यावर ठेवली, तर होईल एवढी ती असते. खोली घ्यायची तर मधली घ्या, आणि खालच्या मजल्याची. लोक वरची मागतात, मोठी खिडकी मागतात. बैलगाडीत शेपटाला बसलेला जास्त उडतो की आसावर बसलेला? तसंच ते. मोठी बॅग दारातच घेतात, ती खोलीवर उशिरा येते, म्हणून गोळ्या, एक जोड कपडे आणि शाल हातातल्या पिशवीत ठेवा. शाल विसरू नका. आत थंडी अशी की मे महिन्यात पौष आठवतो. घरचं खाणं नेऊ नका — आमचा कळण्याच्या भाकरीचा डबा दारावरच काढून घेतला. आत वरण-भात मिळतो, गुजराती जेवण मिळतं, फक्त तिखटाची आशा धरू नका. नारिंगी जॅकेट घालून सगळ्यांना एका जागी उभं करतात, त्यात अंग चोरू नका. हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ती.

सकाळी लवकर उठून बोटीच्या मागच्या अंगाला जा. तिथे गर्दी नसते. बोट पाणी फाडत जाते आणि मागे एक पांढरी वाट उमटत राहते, पार नजर पोचते तिथवर. बाकीची माणसं तेव्हा नाश्त्याच्या रांगेत असतात, नाहीतर समुद्राकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत असतात. त्यांना कशाला नेतात समुद्रावर, मला कळत नाही.

आणि बोट लागली तर? म्हणजे मळमळलं, डोकं गरगरलं तर? डॉक्टरला विचारून गोळी आधीच घ्या. पोट रिकामं ठेवू नका, गच्चही भरू नका. आल्याचा तुकडा तोंडात धरा. आणि खोलीत पडून राहू नका — वर जा, उघड्यावर उभे राहा, आभाळ आणि पाणी जिथे मिळतं त्या रेघेकडे बघा. हे शेवटचं मी सगळ्यांना फार ठासून सांगतो.

ठासून का सांगतो, ते मात्र कुणी विचारत नाही.

आता दुसऱ्या टोकाने येतो. आमचं गाव तापीच्या काठाला, प्रकाशा गावाच्या अलीकडे. मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा पुरात वाहून चाललेली म्हैस मी पोहत जाऊन काठाला लावली होती. सगळ्या गावाने पाहिलं. तेव्हापासून मी तापीचा वाघ. शाळा चौथीत सुटली, पण हे नाव सुटलं नाही. माझ्या लग्नात सासऱ्याला हेच सांगितलं, माझ्या मुलाच्या लग्नात व्याह्यालाही हेच. माणसाला जन्मभर पुरेल असं एकच काम हातून झालं, तर तो पुढे काय करतो? ते सांभाळत बसतो. मी तेच केलं.

मुलगा सुरतेला नोकरीला आहे. त्याने आणि सुनेने आम्हा दोघांना मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या बोटीवर नेलं. आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि आमच्या घरच्यांना. बायकोचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण आज घेतो — इंदूबाई. निघताना तिने पिशवीत खण आणि नारळ घेतला. तापीची ओटी आम्ही भरतोच, आणि तापी शेवटी जाते कुठे? सुरतेच्या पुढे समुद्रातच. मग तिच्या घरी जायचं ते रिकाम्या हाताने कसं, असं तिचं म्हणणं. बोटीवर पहारेकरी बाईने सांगितलं, पाण्यात काही टाकायचं नाही. इंदूबाई म्हणाली, बरं. परत मुंबईला उतरल्यावर काठावर भरू.

ती ओटी का राहिली, तेही येईल पुढे.

परत आलो. मुलगा-सून सुरतेला उतरले, आम्ही दोघं नंदुरबारला. लांबची जात्रा करून आलं की आमच्याकडे आल्यावर जेवण घालायची चाल आहे. गल्ली जेवायला येते, आणि जाऊन आलेल्याने ओट्यावर बसून काय पाहिलं ते सांगायचं असतं. समुद्र पाहून आलो म्हणजे जात्राच, असं इंदूबाईने धरलं, आणि वरण-बट्टीचा बेत केला. पंगत बसली. समोर दगाभाऊ — लहानपणापासूनचा सोबती, आणि तेव्हापासूनच माझी खोडी काढणारा. बट्टी कुस्करत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय जिभाऊ, तापीना वाघ! समुद्रनी तुन्ही उलटीबिलटी त नही काढी ना?"

पंगत हसली. आणि मी म्हणालो, "माले काय व्हस? हिले इचार. आख्खी वाट पडेल व्हती!" म्हणजे प्रवासभर हीच आजारी पडून होती, असं.

इंदूबाई तूप वाढत होती. तुपाची वाटी तिच्या हातात तशीच राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — शेजारच्याने आपल्या विळ्याला हात घातला की आपण कसं बघतो, तसं. मग पदर सावरून हसली, माझीच री ओढत म्हणाली, "हाव भाऊ, माले लागनी ना बोट." आणि दगाभाऊच्या बट्टीवर तूप वाढलं.

खरं काय होतं? आता कुठवर फिरू त्याच्याभोवती —

बोट मला लागली होती. बंदर सुटलं, पायाखालची फरशी जरा हलली, आणि मी वर जाऊन पाहिलं. नदीला पलीकडचा काठ असतो. कितीही पूर असो, पोहणाऱ्याला तो दिसतो. इथे काठच नव्हता. उलटी नंतरची, आधी भीती. मी खोलीत गेलो आणि अंथरूण धरलं, ते परत मुंबई येईपर्यंत. पडदा ओढून, भिंतीकडे तोंड करून. मुलगा म्हणाला, आबा वर चला, उघड्यावर बरं वाटेल. मी त्याच्यावर खेकसलो. बादली उशाशी होती. ती इंदूबाई धूत होती.

आणि तिला काही झालं नाही. काहीसुद्धा नाही! माझं आवरून ती वर जायची आणि येऊन मला सांगायची. पांढरी वाट तिने पाहिली. नारिंगी जॅकेट घालून ती उभी राहिली. मधल्या खोलीत हिसके कमी, हे तिने एका गुजराती म्हाताऱ्या बाईकडून ऐकलं, दोघी रोज सकाळी सोबत बसायच्या. बेटावर न्यायला छोटी नाव आली तेव्हा लुगडं खोचून, नाववाल्याचा हात धरून तिने उडी घेतली. परत आली तेव्हा तिच्या पायांना वाळू होती. एकदा तर पळतच आली, "पानीमाईन मासा उडस! चिडीसारखा!" माझं तोंड भिंतीकडे. मी म्हणालो, दार लाव, उजेड येतो.

हे सगळं मी ओट्यावर माझं म्हणून सांगितलं. उडता मासा मी पाहिला, उडी मी मारली. मघाशी तुम्हाला जे सांगितलं — खोली, शाल, पांढरी वाट — त्यातलं माझं काय आहे? बादली माझी.

मुंबईला उतरलो तेव्हा माझा तोल राहिना. तिने मला काखेत हात घालून चालवलं. दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत खण-नारळ. काठावर थांबायचं तिच्या मनात होतं. मी म्हणालो, चल लवकर. ती चालली.

तुम्ही म्हणाल, एका पंगतीतली थट्टा ती, एवढं काय? मीही तसंच म्हणत आलो. पण खोटं बोलून झालं की ते तिथेच राहतं का? धडगावला लग्न होतं, जीपने घाट चढायचा होता. ड्रायव्हर म्हणाला, मोठी माय, तुम्ही पुढे बसा, तुम्हाला लागतं ना — आणि तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली. ती मांडीवर घेऊन ती घाटभर खिडकीतून साग बघत गेली. मागे मी डोळे मिटून, दात आवळून बसलो होतो. वळण आलं की ती न वळता पिशवी मागे करायची. कुणाला दिसणार नाही अशी. गल्लीतल्या बायका तिला विचारीनाशा झाल्या. उकईच्या जलाशयावर सहल गेली, तिला सोडून. आणि लोक बोटीचं विचारायला येत, तेव्हा माझं काही अडलं तर आतून तिचाच आवाज यायचा, "तुम्हीच सांगं व्हतं ना, कार्डवर दार उघडस!" मग मी म्हणायचो, हां, कार्डवर. तिच्याच ताटातलं खायचो आणि ताट माझं म्हणायचो.

आता या हिवाळ्याचं. तिची धाकटी बहीण सुमन प्रकाशाला दिलेली. सुमनच्या मुलाने, किशोरने, म्हाताऱ्या माणसांना बोटीवर न्यायचं ठरवलं. तीच वाट, मुंबई ते लक्षद्वीप. विचारायला माझ्याकडेच आला. मी खोली सांगितली, शाल सांगितली, पांढरी वाट सांगितली. मग तो म्हणाला, "मावसा, मावशीनं काय करूत? माय म्हनस, तिले बी ली जाऊत."

इंदूबाई दारात मेथी निसत बसली होती. हात थांबले. मान वर केली नाही, पण हात थांबले, ते मी पाहिलं.

इथे मला किती बोलायचं होतं? 'ने रे तिला.' संपलं. खरं सांगायचीही गरज नव्हती! पण तिला नेलं, आणि ती तिथे हसत-खेळत फिरली, सुमनने डोळ्यांनी पाहिलं, तर गावात येऊन सांगेल — ताईला काही झालं नाही. मग दगाभाऊ विचारेल, मग पडेल कोन व्हतं? हे सगळं माझ्या डोक्यात एका घोटात येऊन गेलं. इतका हिशेबी मी आहे.

मी म्हणालो, "नको रे भो. तिले बोट लागस. तुम्हले बी घोर."

मेथीची काडी मोडल्याचा आवाज आला. ती उठून आत गेली. थोड्या वेळाने चहा आला. चहात आलं जरा जास्त होतं.

आज सकाळी ते निघाले. गाडी मुद्दाम आमच्या दारावरून आणली. इंदूबाईने सुमनच्या हातात आलेपाक दिला, आणि खण आणि नारळ. तोच खण की दुसरा, मी विचारलं नाही. म्हणाली, उतरशील तेव्हा काठावर माझ्या नावाने समुद्राची ओटी भर. मग गाडीच्या खिडकीत वाकून सांगू लागली, "सकायमा उठीसन मांगला आंगे जाय. तठे गर्दी नही ऱ्हास. पानी फाटस ना, त्यानी पांढरी वाट दूरपावत दिसस. उनं निघनं म्हणजे ती बदामी व्हस. ते देखजो."

बदामी. ऊन आल्यावर ती वाट बदामी होते, हे मला माहीत नव्हतं. हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं.

सुमन हसली. "ताई, तू त आख्खी येळ पडेल व्हती. तुले काय माहीत?"

मी गाडीच्या दाराला हात लावून उभा होतो. दगाभाऊही होता, अजून चार माणसं होती. इंदूबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीवरचा हात काढून घेतला.

"यास्नी सांगेल शे माले," ती म्हणाली.

सुमनने माझ्याकडे बघितलं — हे तुम्हीच तिला सांगितलं, खरं का, असं.

मी होकाराची मान हलवली. आणि गाडीचं दार लावलं.