पुढची रिकामी सीट

चिखलीहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये एक वयस्कर कामगार रोज सगळ्यात मागे बसतात. पुढच्या सीटा परमनंट कामगारांच्या, असा कुणीच न केलेला नियम आहे. यांचे केस पिकले, पण हे कंत्राटीच राहिले.

"पुढं या की," मी एकदा म्हणालो.

"न्हाई राव. परमनंट व्हायची आशा सोडली अन् सुखी झालो बघा."

डोंबलाचं सुख! सोय झाली ती कंपनीची.

परवा एक नवा कंत्राटी कामगार पुढे बसला. यांनी उठून त्याला दंडाला धरून मागे आणलं. "आशा सोड भावा, सुखी होशील," ते मायेनं म्हणाले.

त्याला उठवायला कंपनीचा माणूस लागलाच नाही. ती सीट चाकणपर्यंत रिकामी गेली.